फहाहीलच्या मंडळींनी पुढे काय वाचावे?



या सदरासाठी विषय शोधण्याचे काम या वेळी आम्हांस करावे लागले नाही. तो एका पत्रानेच आमच्या हाती आणून दिला. पत्र आले कुवेतमधील फहाहील या गावाहून. कुवेत आणि इस्रायल या देशांत राजनैतिक संबंध नाहीत. म्हणून ते सरळ न येता ठाण्याच्या वाटेने आले. लिहिणारीने ते ठाण्यास आपल्या भावाकडे धाडले आणि भावाने त्याचे छायाचित्र मोबाईलवर आम्हांस पाठविले. लिहिणारी ही भायखळ्याच्या आमच्या जुन्या चाळीतील शेजाऱ्यांची कन्या. आमच्या घरी मलिदा झाला की आपला वाटा हक्काने मागून नेणारी ती परकरी पोर आज दोन मुलांची आई आहे आणि लग्न झाल्यापासून गेली वीस वर्षे पतीसह फहाहीलला राहते आहे.

तेथील पाच-सहा मराठी कुटुंबे दर महिन्यातील एका शुक्रवारी कोणाच्या तरी घरी जमतात आणि एक पुस्तक वाचून त्यावर बोलतात. मध्यंतरी त्यांनी तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ हे पुस्तक चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या मराठी अनुवादात मुलांसमवेत मोठ्याने वाचले. आगगाडीच्या डब्यांत भरणारी ती तोक्योची शाळा आणि तिचे मुख्याध्यापक कोबायाशी लहानथोरांस इतके आवडले, की आता जपानी कादंबऱ्याच वाचू असे सर्वांनी ठरविले. मात्र कोणती, या प्रश्नावर मंडळी अडली. एक गृहस्थ म्हणतात, नोबेल पारितोषिक मिळालेल्या लेखकापासून आरंभ करावा. तरुण मुलांना मुराकामी हवे आहेत. गृहिणींचे म्हणणे, ज्यात घरसंसार आहे असे काही असावे. ‘काका, तुम्ही पुष्कळ वाचता. एक नाव सांगा, म्हणजे भांडण मिटेल,’ असे तिने लिहिले आहे.

फहाहील आणि जपान यांचा संबंध काय, असे वाचकांस वाटेल. संबंध आहे, आणि त्यात आपली मुंबईही आहे. फहाहील हे कुवेत शहराच्या दक्षिणेस समुद्रकाठी वसलेले, आता तेलनगरी अहमदीच्या शेजारचे गजबजलेले गाव. खनिज तेल सापडण्यापूर्वी कुवेतची समृद्धी मोत्यांवर उभी होती. पाणबुडे खाडीच्या तळातून शिंपले काढीत आणि त्यांतील मोती विक्रीसाठी मुंबईच्या बाजारात येत. 1893 साली जपानमधील तोबा येथे कोकिची मिकिमोतो यांनी शिंपल्यात मोती वाढविण्यात प्रथम यश मिळविले. पुढे अशा संवर्धित मोत्यांनी जगाचे बाजार भरले, त्यातच 1929 नंतरची जागतिक मंदी आली, आणि खाडीतील मोत्यांचा व्यापार कोसळला. कुवेतमधील बुर्गान येथे तेल लागले ते 1938 साली, म्हणजे या पडत्या काळातच. 1961 मध्ये कुवेतचा दिनार सुरू होईपर्यंत तेथे रुपयाच चालत असे. त्याच्या आदल्याच वर्षी, 1960 साली, एका जपानी कंपनीला कुवेतच्या दक्षिण सीमेलगत खफजीच्या समुद्रात तेल सापडले होते. तेव्हा जपान त्या किनाऱ्यास नवखा नाही. एकदा त्याने तेथील लोकांची उपजीविका हिरावून घेतली, आणि पुढे त्याच किनाऱ्यावर तो तेल काढावयास आला.

आता पुस्तकांकडे वळू. प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे, की आम्हांस जपानी भाषा येत नाही. येथे ज्या कादंबऱ्यांविषयी लिहीत आहोत त्या आम्ही इंग्रजी अनुवादांतून वाचल्या आहेत. अनुवादातून वाचणे म्हणजे उष्टे खाणे असे काही विद्वान मानतात. आम्हांस तसे वाटत नाही. 1846 साली मुंबईत आणि 1874 साली पुण्यात मराठी अर्थासह छापलेल्या हगादांतून आपल्या पूर्वजांनी मिसरदेशातून झालेल्या सुटकेची कथा आपल्या मातृभाषेत समजून घेतली. अनुवादाने त्यांच्या वल्हांडणाच्या रात्रीचे पावित्र्य उणे झाले नाही. उलट, घरातील स्त्रियांना व मुलांना त्या रात्रीचा अर्थ उमगला.

तथापि इंग्रजीतून जपानी वाचताना एक गोष्ट हरवते, आणि ती नेमकी मराठी माणसास परत आणता येते. जपानी वाक्यात क्रियापद आपल्यासारखेच शेवटी येते. आपले विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये जशी नामाच्या मागे लागतात, तशीच त्यांचीही लागतात. कर्ता गाळूनही वाक्य चालते. मुख्य म्हणजे कोण कोणाशी बोलतो आहे यावर शब्दाचे रूप ठरते. इंग्रजीत सर्वांना एकच सर्वनाम पुरते, तर आपल्याजवळ तू, तुम्ही आणि आपण अशा तीन पायऱ्या आहेत. नात्सुमे सोसेकी यांची 1906 सालची ‘बोत्चान’ ही कादंबरी घ्या. तिचे नावच ‘धाकटे धनी’ अशा अर्थाची प्रेमळ हाक आहे. घरातील कियो नावाची वृद्ध मोलकरीण नायकास त्या हाकेने बोलावते, आणि त्या एका शब्दात तिची माया व तिची पायरी दोन्ही सामावतात. इंग्रजी अनुवादकास तो शब्द बहुधा तसाच ठेवावा लागतो. आपल्या आजीच्या काळच्या घरांतून मात्र अशा हाका सहज ऐकू येत असत.

म्हणून फहाहीलच्या मंडळींना आमची पहिली सूचना अशी, की पुस्तक इंग्रजीत वाचले तरी शुक्रवारची चर्चा मराठीतच करावी. एकेकाने एकेक प्रकरण मराठीत सांगावे. सांगताना आपोआपच ठरवावे लागेल, की ही सून सासऱ्यास काय म्हणेल, हा मुलगा बापाशी कोणत्या क्रियापदाने बोलेल. त्या ठरविण्यातच अर्धे पुस्तक कळते. मुलांचे मराठीही त्यामुळे राबते राहील.

आता एकेका उमेदवाराचा विचार करू.

नोबेल पारितोषिकाचा आग्रह धरणाऱ्या गृहस्थांसाठी यासुनारी कावाबाता आहेत. 1966 साली हिब्रू लेखक अग्नोन यांना नेली झाक्स यांच्यासमवेत हे पारितोषिक मिळाले, आणि दोनच वर्षांनी, 1968 साली, ते कावाबातांना मिळाले. साहित्याचे नोबेल मिळविणारे ते पहिले जपानी. त्यांची ‘हिमप्रदेश’ ही कादंबरी एडवर्ड साइडनस्टिकर यांनी 1956 साली इंग्रजीत आणली. तोक्योचा एक रिकामटेकडा श्रीमंत पुरुष, बर्फाळ डोंगरांतील उष्ण झऱ्यांचे गाव आणि तेथील कोमाको नावाची गेशा, एवढीच तिची सामग्री. पुस्तक सुंदर आहे, यात शंका नाही. पण त्यात जे महत्त्वाचे ते बोलून दाखविलेले नाही. दहा माणसे चहा घेत बसलेली असता ‘पण यात घडले काय?’ असे कोणीतरी विचारील आणि सभा तेथेच संपेल. ते एकट्याने, रात्री वाचावयाचे पुस्तक आहे.

समुद्रकाठच्या मंडळींना युकिओ मिशिमा यांची ‘लाटांचा नाद’ ही 1954 सालची कादंबरी निश्चित आवडेल. एका लहान बेटावरील गरीब कोळ्याचा मुलगा शिंजी आणि गलबतांच्या धनाढ्य मालकाची मुलगी हात्सुए यांची ती सरळ, निर्मळ प्रेमकथा आहे. हात्सुए समुद्रात बुड्या मारून कालवे काढणाऱ्या स्त्रियांपैकी एक. मिशिमांनी ज्या बेटावरून हे बेट कल्पिले ते कामिशिमा आज तोबा शहराच्याच हद्दीत येते. ज्या तोबाच्या मोत्यांनी खाडीतील पाणबुड्यांचे काम गेले, तेच हे गाव. नवगाव, रेवदंडा, अलिबाग हा किनारा ज्यांच्या घराण्यांच्या आठवणीत आहे अशा आपल्या वाचकांनाही त्या पानांतून सुक्या मासळीचा वास आल्याखेरीज राहणार नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी आम्ही हेच पुस्तक सुचवू.

तरुणांच्या मुराकामींविषयी आमची तक्रार नाही. 2009 साली जेरुसलेम पारितोषिक स्वीकारण्यास ते येथे आले. येऊ नये असा त्यांच्यावर बराच दबाव होता. तरी ते आले, आणि आपणांस जे बोलावयाचे ते आमच्या शहरात, आमच्यासमोर उभे राहून बोलले. तो सरळपणा आम्हांस आवडला. त्यांच्या कादंबऱ्या हिब्रूतही मिळतात व आमची नातवंडे त्या आवडीने वाचतात. परंतु त्यांची माणसे बहुधा एकटी राहतात. आईबाप, काकामामा त्यांच्या पानांवर क्वचितच येतात. तरुण मुले ती पुस्तके कोणी न सांगताही वाचतील. त्यासाठी पाच कुटुंबांनी एकत्र जमण्याचे कारण नाही.

गृहिणींच्या पसंतीस जुनइचिरो तानिझाकी यांची ‘माकिओका भगिनी’ उतरेल. ओसाकाच्या एका खालावत चाललेल्या व्यापारी घराण्यातील चार बहिणी आणि त्यांतील तिसरी, युकिको, हिच्या लग्नाची खटपट हा तिचा विषय. 1943 साली ती मासिकात येऊ लागली, तेव्हा युद्धकाळात असल्या नाजूक गृहकथा नकोत म्हणून लष्कराने ती बंद पाडली. लेखक लिहीतच राहिला आणि 1948 साली ती पूर्ण झाली. स्थळांची चौकशी, मध्यस्थांचे निरोप, घराण्यात काही रोग तर नाही ना याची कुजबूज, थोरल्या घराची संमती हे सर्व वाचताना आपल्याच समाजातील जुन्या सोयरिकी आठवतात. अमुक -कर आणि तमुक -कर यांचे जमेल की नाही यावर आमच्या आजीने किती संध्याकाळी घालविल्या! परंतु ग्रंथ मोठा आहे. महिन्याला एक पुस्तक वाचणाऱ्यांनी तो उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी राखून ठेवावा.

शुसाकू एंदो यांची 1966 सालची ‘मौन’ ही कादंबरी आम्ही आपल्या समाजातील प्रत्येक वाचकाने वाचावी अशा मताचे आहोत. सतराव्या शतकात जपानच्या राज्यकर्त्यांनी ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. संशयितांपुढे येशूची वा मरियमेची प्रतिमा ठेवून तीवर पाय देण्यास त्यांस भाग पाडीत. काहींनी प्राण दिले, पुष्कळांनी पाय दिला, आणि पाय देणाऱ्यांतील कित्येकांनी घरात गुप्तपणे धर्म चालू ठेवला. त्यांच्यात पुढे दोनशे वर्षांहून अधिक काळ धर्मगुरू नव्हता. प्रार्थनांचे लॅटिन शब्द झिजून ओळखू न येण्याजोगे झाले, तरी लोक त्या म्हणत राहिले. 1865 साली नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये येऊन त्यांतील काहींनी आपली ओळख प्रकट केली. हे वाचताना कोणा बेने इस्राएलाचे मन हलणार नाही? आपणांजवळही ग्रंथ नव्हते. शब्बाथ पाळणारे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे आपले पूर्वज शेमा तेवढा तोंडी धरून राहिले. भेद एवढाच, आणि तो लहान नाही, की कोकणाने आपणांस कधी कशावर पाय ठेवावयास सांगितले नाही. ‘मौन’ मिटताना आम्ही त्या भूमीचे पुन्हा एकदा आभार मानले.

येथवर आमचे उत्तर जवळजवळ तयार झाले होते. फहाहीलला ‘लाटांचा नाद’ सुचवावी आणि मोकळे व्हावे असे आम्ही ठरविले होते. उत्तर लिहिण्यापूर्वी पत्र पुन्हा एकदा वाचले. शेवटी, सही झाल्यावर, तिने बारीक अक्षरांत दोन ओळी लिहिल्या होत्या. ‘आई हल्ली फोनवर माझा आवाज ओळखत नाही. वहिनीलाच आई म्हणून हाक मारते.’

पहिल्या वाचनात त्या ओळींवरून आमची नजर घसरून गेली होती. याची आम्हांस लाज वाटली. पोरीने पुस्तकाचे नाव विचारले होते खरे. परंतु तिच्या मनात काय होते ते त्या दोन ओळींतच होते.

तेव्हा आम्ही निवड बदलली. सावाको आरियोशी या लेखिकेची ‘कोकोत्सु नो हितो’ ही कादंबरी 1972 साली प्रसिद्ध झाली. ‘भान हरपलेला माणूस’ असा त्या नावाचा भाव आहे. जपानात तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी ते नावच लोकांच्या बोलण्यात रुळले. मिल्ड्रेड ताहारा यांचा इंग्रजी अनुवाद 1984 साली निघाला, आणि त्याच वर्षी लेखिका निवर्तल्या.

कथा तोक्योतील एका साध्या कुटुंबाची आहे. आकिको ही वकिलांच्या कचेरीत नोकरी करणारी सून. तिची सासू एके दिवशी अकस्मात वारते आणि सासरा शिगेझो याचे भान सुटत चालल्याचे त्याच वेळी घरच्यांच्या ध्यानी येते. तो पोटच्या मुलास ओळखत नाही. ओळखतो सुनेस आणि नातवास. जन्मभर ज्या सुनेचा त्याने छळ केला तिच्यावाचून त्याचे आता क्षणभर चालत नाही. तो घरातून निघून जातो, रात्री उठवितो, सारखे खावयास मागतो. मुलगा हळहळतो, पण हात लावीत नाही, कारण बापाकडे पाहताना त्यास आपले म्हातारपण दिसते. सर्व भार आकिकोवर पडतो. ती चिडते, थकते, हे कधी संपेल असेही तिच्या मनात येते, आणि तरी ती करते. लेखिकेने तिला देवी केलेले नाही, हेच या पुस्तकाचे मोल आहे.

कावाबातांची नजाकत येथे नाही. काही प्रकरणे तर वर्तमानपत्रातील लेखासारखी वाटतात. परंतु या पुस्तकाने एका देशास जे घराच्या मागच्या खोलीत झाकून ठेवले होते ते उघड बोलावयास लाविले. फहाहीलच्या त्या बैठकीत जी पाच-सहा कुटुंबे जमतात त्यांतील बहुतेकांचे आईबाप ठाण्यास, रत्नागिरीस, सांगलीस असतील. पैसे वेळेवर जातात, फोन रोज होतो, पण रात्री उठणारी कोणीतरी वहिनी असते. तिच्याविषयी बोलावयास लाज वाटते, आणि न बोलता अपराधी वाटते. आकिकोविषयी मात्र बोलता येईल. परक्या देशातील परक्या सुनेविषयी बोलता बोलता आपल्या वहिनीचे नाव कोणाच्या तरी तोंडी येईल, आणि मग बहुधा त्याच रात्री तिला फोन जाईल, आईची चौकशी करण्यासाठी नव्हे, तर तिची स्वतःची.

हे सर्व आम्ही फहाहीलसाठी लिहिले, परंतु लिहिताना डोळ्यांपुढे दिमोना होते, अश्दोद होते, लोद होते. आपल्या वृद्धांपैकी कित्येकांना तारुण्यात कष्टाने शिकलेली हिब्रू भाषा उतारवयात सोडून जाताना आम्ही पाहिले आहे. ती जाते आणि मागे कोकणातली मराठी उरते. शेजारी बसलेल्या नातवास ती समजत नाही. आजी पाणी मागते आणि पोर नुसते तिचा हात धरून बसते. शिगेझोने मुलास ओळखले नाही, पण त्याचे बोलणे तरी घरास कळत होते. आपल्या काही घरांतून तेवढेही उरलेले नाही. या पत्रिकेतील मराठी पाने कशासाठी, असे तरुण मंडळी अधूनमधून विचारतात. इतर उत्तरे आम्ही पूर्वी दिली आहेत. हे एक उत्तर आज देत आहोत. नातवंडांस वाङ्मयाचे मराठी आले नाही तरी चालेल. पाणी, दुखते, थांब, मी आहे, एवढे मराठी त्यांस आलेच पाहिजे.

फहाहीलला आम्ही उत्तर पाठविले आहे, पुन्हा ठाण्याच्याच वाटेने. प्रथम आरियोशी, मुलांसाठी ‘लाटांचा नाद’, उन्हाळ्यासाठी माकिओकांच्या चौघी, आणि ‘मौन’ जेव्हा सवड व धैर्य दोन्ही असेल तेव्हा. पत्राच्या शेवटी, सही झाल्यावर, आम्हीही बारीक अक्षरांत दोन ओळी लिहिल्या. ‘आईने वहिनीला आई म्हटले तर वाईट मानू नकोस. तिला जी माया मिळते आहे तिचे बरोबर नाव तिला आठवते आहे.’

आपल्यापैकी कोणाच्या घरी असे वडीलधारे माणूस असेल आणि त्याच्या जवळ बसून हे पुस्तक वाचावेसे वाटेल, त्यांनी आमच्याकडील प्रत अवश्य न्यावी. परत करण्याची घाई नाही.